डिकीतलं गोणपाट

सहदेवने उतारवयात स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा नेरळच्या टॅक्सी स्टँडवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला चळ लागला. कुणी म्हणालं, पोरगा कंपनीत लागलाय, त्याचा माज. आता माज कसला डोंबलाचा! सव्वीस वर्षं हा माणूस नेरळ-माथेरान घाटात टॅक्सीची व्हॅन चढवत होता. पाठीमागे माणसं कोंबलेली, टपावर बॅगा, आणि गिअर पहिला नाहीतर दुसरा. अशा माणसाला एकदा वाटलं, की आपलीही एखादी गाडी असावी आणि तिच्यात फक्त दोनच माणसं बसावीत, तर कुणाचं काय गेलं?

गाडी मूळची दादरच्या एका डॉक्टरांची. माथेरानात मोटारींना बंदी, सगळ्या गाड्या दस्तुरी नाक्यावर उभ्या करायच्या आणि पुढं पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षानं जायचं. डॉक्टर वर्षातून चार-पाचदा यायचे आणि किल्ली फक्त सहदेवच्या हातात द्यायचे. त्याला कारण होतं. दस्तुरीची माकडं म्हणजे दरोडेखोर, कापडी टप दिसला की नखं लावलीच. सहदेव दोन फेऱ्यांच्या मध्ये त्या गाडीवर ताडपत्री घालायचा, कडेनं दगड ठेवायचा, आणि कुणी बोट लावलं तरी खेकसायचा. गेल्या वर्षी डॉक्टरांचे गुडघे गेले. ते म्हणाले, "सहदेव, तूच घे. दुसऱ्याच्या हातात मला बघवणार नाही." किंमत अशी सांगितली की नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. सहदेवने टॅक्सी विकली, पोस्टातलं काढलं आणि गाडी घरी आणली.

गडद हिरवा रंग, दोन दारं, जमिनीपासून वीतभर उंच. टप मागे दुमडला की डोक्यावर नुसतं आभाळ. आणि आत बदामी रंगाच्या चामड्याच्या दोन सीटा. त्या सीटांवर सहदेवचा जीव होता. पहिल्या दिवशी आत बसण्याआधी त्याने पँटचा मागचा भाग दोनदा झटकला. बायको छाया ओटीवरून बघत होती, ती म्हणाली, "देवळात चाललाय जसा!"

पण हौस एकीकडं आणि निगा एकीकडं. टपाच्या कडेला दोन बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी तिथून खाली जातं. त्यात पाला अडकला की पाणी थेट सीटखाली. दर रविवारी सहदेव नायलॉनची जाड दोरी घालून ती भोकं साफ करायचा. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवायचा. "माझी मिसरी आणायची इसरता, गाडीची तंबाखू बरी आठवती!" छाया करवादायची. दहिवलीजवळचे गतिरोधक म्हणजे तर वैरीच. सरळ गेलं की गाडीचं पोट घासायचं, म्हणून तो तिरपा जायचा, एकेक चाक उतरवत, आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून जीव खायचे.

तरी सुख होतं, नाही कशाला म्हणायचं? सकाळी ऊन कोवळं असताना टप उघडून तो कर्जतवरून चौकला आणि तिथून जुन्या पुणे रस्त्यानं खालापूरला जायचा. त्याचा मुलगा किरण तिकडंच कंपनीत होता. चौथ्या गिअरात गाडी अशी घुमायची की सहदेवला एकट्याला हसू यायचं. खालापूरला अक्षय मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये तेल बघायचं, पट्टा बघायचा, दोन वडे खायचे आणि परत. अक्षयने एकदाच त्याला बजावून सांगितलं होतं, "काका, इंजिन कधीही दुरुस्त होईल. पन हे चामडं जुनं हाय, तहानलेलं. तुमची ती माथेरानची लाल माती लागली ना, डाग जन्मात निघायचा नाय." सहदेवने बाकी सगळं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि हे मात्र गाठीला बांधलं. तेवढंच नसतं बांधलं तर बरं झालं असतं.

आता शुक्राविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट त्याची आहे.

शुक्रा घाटाच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतला. माथेरानात हातरिक्षा ओढायचा. हातरिक्षाला तीन माणसं लागतात, एक पुढं ओढायला, दोन मागं ढकलायला. शुक्रा कायम पुढचा. उतारावर रिक्षाचा आणि आतल्या माणसाचा सगळा भार छातीवर घ्यायचा तो पुढच्यानंच. रोज सकाळी वाडीच्या फाट्यावर तो उभा असायचा आणि सहदेवच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून वर जायचा. पैशाचा विषय नाही. ती सीट सव्वीस वर्षं शुक्राची होती. पॅसेंजर कितीही असोत, साहेब असो की बाई, सहदेव सांगायचा, "पुढं नाय, तिथं माझा माणूस बसतो."

आणि तो नुसता बसत नव्हता. त्याच्या पायाशी एक दगड असायचा, पाटीच्या आकाराचा, एका बाजूनं चपटा. भरलेली व्हॅन खड्या वळणावर दमली आणि मागं सरकायला लागली, की शुक्रा चालत्या गाडीतून उडी मारायचा आणि दगड चाकाखाली सारायचा. गाडीनं दम घेतला की दगड उचलून पुन्हा आत. एकदा भर श्रावणात ब्रेक गेले होते. मागे नऊ माणसं, त्यात दोन लेकुरवाळ्या. शुक्राने तो दगड लावला म्हणून सगळी घरी गेली. सहदेव हे सगळ्यांना सांगायचा, शुक्राच्या तोंडावर सांगायचा, आणि शुक्रा म्हणायचा, "दगडानं धरली रं, मी काय केलं?"

टॅक्सी विकली त्या दिवशी सहदेवने तो दगड फाट्यावर ठेवला. म्हणाला, "आता काय तुला रोज न्यायला गावायचो नाय मी. पन एक सांगतो. तू रिक्षा सोडशील ना, त्या दिवशी दस्तुरीवरनं तुला त्या हिरव्या गाडीत बसवून खाली आणीन. टप उघडा टाकून. सगळ्यांच्या समोर."

शुक्रा हसला. "जन्मभर लोकांना बसवलं, एकदा आमी पन बसू."

बोलायला साधं वाक्य. पण ते त्याने वाडीत सांगितलं, बायकोला, जिजाला सांगितलं, रिक्षावाल्यांना सांगितलं. माथेरानात बॅटरीवरच्या रिक्षा यायला लागल्या होत्या, हातरिक्षाचे दिवस भरत आले होते, आणि शुक्राची छातीही आता पूर्वीसारखी भार घेत नव्हती. चैत्रात थांबायचं त्याने ठरवलं. मधल्या काळात सहदेव कधी दस्तुरीला गाडी घेऊन गेला की शुक्रा लांबून बघायचा, गाडीला हात लावायचा नाही. एकदा एका मुंबईच्या बाईने फोटो काढायला गाडीत बसू का विचारलं. सहदेव खुश. बाई बसली, तिच्या मांडीवरचं झिपरं कुत्रं उतरून शेजारच्या सीटवर बसलं, जीभ काढून. फोटो झाले. शुक्रा बाजूला उभा होता. म्हणाला, "बघा, कुत्र्याचा नंबर लागला. माझा कदी?" सगळे हसले. सहदेवही हसला.

चैत्रातला तो दिवस आला. सहदेवने सकाळपासून गाडी पुसली, सीटांना तेल लावलं, छायानं इस्त्री केलेला सदरा घातला. दुपार कलताना दस्तुरीला पोचला आणि टप उघडून उभा राहिला. खरंच, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शुक्रा शेवटचं गिऱ्हाईक सोडून आला. सोबत पंधरा-वीस रिक्षावाले, घोडेवाले, कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी नाव घेऊन ओरडतंय. गळ्यात झेंडूचा हार. आणि पायापासून मांडीपर्यंत माथेरानची लाल धूळ, घामानं चिकटलेली, चड्डीवर, बनियनवर, हाताच्या कोपरांवर. सव्वीस वर्षं तो असाच यायचा आणि असाच व्हॅनच्या रेक्झिनवर बसायचा. सहदेवने ती धूळ बघितली. मग बदामी सीट बघितली. आणि काही बोलायच्या आत तो मागे गेला, डिकी उघडली, गाडीखाली शिरताना अंथरायचं गोणपाट काढलं आणि शेजारच्या सीटवर टाकलं. टोकं नीट खोचली सुद्धा.

"ये, बस," तो म्हणाला.

शिट्ट्या थांबल्या. शुक्राने गोणपाटाकडं बघितलं. मग सहदेवकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.

"आरं, लाल मातीचा डाग निघत नाय," सहदेव म्हणाला. सगळ्यांच्या समोर म्हणाला. तेवढं तरी गप्प बसायचं, पण नाही.

शुक्राने गळ्यातला हार काढला आणि गाडीच्या आरशाला अडकवला. "गाडी लई भारी हाय रं," तो म्हणाला. "जपून ने." आणि आलेल्या पोरांच्या मधून तो पायवाटेकडं वळला, रोजच्यासारखा, ना घाई ना राग. सहदेवने दोन हाका मारल्या. त्याला वाटलं, लाजला असेल.

खाली येताना तो घाटात जुम्मापट्टीला थांबला. पायवाट तिथंच जवळ येते. अर्धा तास थांबला, मग पाऊण तास. शुक्रा आला नाही. आरशाला हार तसाच लटकत होता.

घरी आल्यावर त्याने छायाला सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. "काय त्याचं एवढं? सीट खराब होईल म्हनून टाकलं. मी काय त्याला नको म्हनलो का?"

छाया भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "गोणपाट टाकलंत?"

"मग?"

"शुक्राला?" ती म्हणाली. "अवं, तुमच्या बाबांनी काय केलं जन्मभर? आवणीला, भात लावायला, वाडीची मानसं यायची, दुपारी जेवायला बसायची. आपली मानसं ओटीवर, पाटावर. आनि ती खाली, कडेला, गोणपाटावर. मी नवी नवरी होते, पन डोळे होते मला. ल्हानपनी शुक्रा पन तिथंच बसायचा, तुमीच सांगितलंय." भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "आनि टाकायचं कोन? तुमीच ना?"

बाबांचा आवाज सहदेवला जशाच्या तसा ऐकू आला. "सहदेव, गोणपाट टाक रं, मानसं आली." सहा-सात वर्षांचा असेल तो. पडवीतून गोणपाट ओढत आणायचं, कडेला टाकायचं, टोकं सरळ करायची. शुक्रा त्याच्याच वयाचा, आईच्या मागं उभा. नंतर दोघं ओढ्यावर मिळून पोहायचे, एकाच फांदीवरच्या चिंचा खायचे, तिथं काही नव्हतं. पण जेवायला गोणपाट. आज दस्तुरीवर हातानं तेच केलं. डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

आता लगेच उठून जायला हवं होतं. त्याच संध्याकाळी. माणूस शहाणा असता तर गेला असता. पण सहदेवच्या अंगात घाटातली खोड, समोरून गाडी आली तरी आपण मागं घ्यायची नाही. त्याला वाटलं, चार दिवस जाऊ देत, तोच येईल हसत. चार दिवसांचा महिना झाला. फाट्यावरून जाताना तो वेग कमी करायचा, तिथं कुणी नसायचं. दगड मात्र होता तिथंच. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. अक्षय म्हणाला, "काका, हल्ली टप उघडत नाय वाटतं?" तो म्हणाला, "ऊन लागतं." खालापूरचे वडेही गोड लागेनात. ज्या सीटसाठी हे सगळं झालं, तिच्याकडं बघवेना, आणि पुसायचं मात्र सुटेना.

शेवटी आषाढात एका सकाळी तो निघाला. वाडीत गाडी जात नाही. वर चढणारा रस्ता म्हणजे नुसते धोंडे आणि चिखल, आणि ही तर गतिरोधकालाही पोट घासणारी. त्याने ती फाट्याला लागूनच डांबरी चढावर लावली आणि चालत निघाला. दोनदा घसरला. एकदा चांगलाच बसला, चिखलात, पँट मागून पार माखली. वाडीत पोचला तेव्हा त्याच्याकडं बघून पोरं हसत होती.

शुक्रा दारात पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं दुरुस्त करत बसला होता. वर बघितलं, आणि जणू कालच भेटल्यासारखा म्हणाला, "आलास? ये की आत, भिजतोस कशाला?"

आत जमीन नुकती सारवलेली. जिजाने सहदेवला बघितलं, ती मागच्या खोलीत गेली आणि पेटीतून एक चादर घेऊन आली. कोरी, अजून घडीचा वास असलेली, बहुतेक लेकीच्या लग्नात मिळालेली. तिने ती भिंतीकडेला अंथरली.

सहदेव मागं सरला. "वयनी, नको. माझी पँट बघ, सगळा चिखल हाय. नवी चादर मळंल."

"बस रं," शुक्रा म्हणाला. "मळली तर धुवू."

सहदेव उभाच राहिला. तीन शब्द. चैत्रातल्या त्या दुपारी हेच तीन शब्द त्याच्या तोंडात आले असते, तर काय झालं असतं? डाग पडला असता. पडू द्यायचा होता. जन्मभर त्या डागाकडं बघून त्याला बरं वाटलं असतं. तो चादरीवर बसला, आणि त्याच्याखाली ओला चिखल पसरलेला त्याला कळला, आणि त्याला रडू आलं. जिजा चहा करायला वळली. शुक्रा इरल्यातली काडी सरळ करत राहिला.

"चुकलं रं माझं," सहदेव म्हणाला.

"चहा घे," शुक्रा म्हणाला. "भात बरा हाय का तुमच्याकडला? आमच्याकडं खेकड्यांनी बांध फोडला."

मग भाताचं, खेकड्यांचं, किरणच्या नोकरीचं बोलणं झालं. बोलणं सगळं झालं, पण पूर्वी शुक्रा मधेच मारायचा तशी एक कोपरखळी नाही, एक टोमणा नाही. पाहुण्याशी बोलतात तसं बोलला. सहदेवला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

निघताना शुक्रा त्याला सोडायला फाट्यापर्यंत आला. चिखलातून अनवाणी, अलगद. गाडी दिसल्यावर सहदेवने पुढं होऊन शेजारचं दार उघडलं. सीट मोकळी होती. गोणपाट तर त्याने केव्हाच जाळलं होतं.

"बस," तो म्हणाला. "असाच बस. पाय पुसू नको. नेरळपर्यंत जाऊ, वाटलं तर वर दस्तुरीला जाऊ. पाया पडतो तुझ्या."

शुक्राने सीटकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं, तसा काहीच नव्हता.

"त्या दिवशी जायचं होतं रं," तो म्हणाला. "आता कुठं जायचं हाय मला?"

सहदेवने दार लावलं. आपल्या बाजूला जाऊन माखलेल्या पँटनिशी बदामी चामड्यावर बसला. किल्ली फिरवली. चढावर गाडी जरा मागं सरकली, आणि तेवढ्यात मागून दगड टेकल्याचा ओळखीचा आवाज आला. तोच दगड. शुक्राचा हात काही विसरला नव्हता. सहदेवने गिअर टाकला, गाडी पुढं निघाली. आरशात त्याला दिसलं, की शुक्रा वाकला, दुसऱ्या कुणाच्या चाकाला लागू नये म्हणून तो दगड उचलला, रस्त्याच्या कडेला नीट ठेवला, आणि वाडीकडं चालायला लागला.